डोक्यावरचे ऊन

आपल्याकडे ग्रंथाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, कीर्तनकाराच्या आख्यानाची चिकित्सा तर सभामंडपातून बाहेर पडण्यापूर्वीच होते. घराचे परीक्षण मात्र होत नाही. घर बांधून झाले की वास्तुशांत होते, आप्तेष्ट जेवून जातात, आणि पुढे त्या वास्तूविषयी जे काही बोलावयाचे ते रंगाविषयी आणि खर्चाविषयी. देवस्थानाच्या भक्तनिवासाविषयी तर तेवढेही बोलणे उरत नाही. ते धर्मकार्य असते. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी असते, तिच्यावर देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरलेली असतात, आणि अशा इमारतीस नावे ठेवणे म्हणजे त्या नावांसच नावे ठेवण्यासारखे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. दान घेतले की त्याचा हिशेब देणे आले. आणि पैशाच्या हिशेबाइतकाच विसाव्याचाही हिशेब असला पाहिजे. वैशाखातल्या दुपारी ह्या खोलीत थकलेला माणूस निजू शकतो काय, हा त्या हिशेबातला पहिला प्रश्न होय.

तो प्रश्न आम्ही गाणगापूरच्या निमित्ताने विचारीत आहोत, त्याला कारण आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे गोमंतकात, कारवाराकडे किंवा मंगळुराकडे. परंतु घरात दत्ताची उपासना असली की गुरुचरित्राच्या सप्ताहाबरोबर गाणगापूरची वारीही पिढीजात चालत येते. भीमा-अमरजेच्या संगमाचे हे क्षेत्र कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात आहे. सोलापूर-वाडी ह्या लोहमार्गावर गाणगापूर रोड नावाचे स्थानक लागते, तेथून गाव वीस किलोमीटरांहून अधिक आत. मुलूख कानडी, पोथी मराठी, आणि ऊन दोघांचेही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जाणे ही तेथे बातमी नव्हे. त्यात ह्या क्षेत्राची रीत अशी की दत्तप्रभू माध्यान्ही येथे भिक्षेस येतात ही श्रद्धा. म्हणून मधुकरीची वेळ दुपारची. जी घटका सर्वांत पुण्याची तीच सर्वांत तापाची. सत्तरीतली बाई अनवाणी पायांनी पाच घरे मागून आपल्या खोलीवर परत येते, तेव्हा ती खोली तिचे काय करते हे पाहणे अवांतर नाही.

आजची खोली बहुधा अशी असते. सिमेंटच्या स्लॅबची दोन-तीन मजली इमारत. वरच्या मजल्यावर पश्चिमेकडे तोंड करून ओळीने खोल्या. अॅल्युमिनियमच्या चौकटीत सरकत्या काचा. छताला गिलावा, त्याला पांढरा रंग, मधोमध पंखा. अशाच एका खोलीत आम्ही मे महिन्यातली एक दुपार व एक रात्र काढली. दुपारपेक्षा रात्र वाईट गेली. सूर्य मावळून चार तास झाले तरी छताकडे हात वर केला की चुलीवरून नुकत्याच उतरविलेल्या तव्याची आठवण व्हावी अशी धग तळहाताला जाणवे. आणि पंखा तीच हवा इमानाने खाली ढकलीत होता. ह्यात त्या इमारतीच्या व्यवस्थापकाचा विशेष दोष नाही. त्याने सर्वांनी बांधले तसेच बांधले. दोष त्या ‘सर्वांनी’ ह्या शब्दात आहे.

पूर्वी ह्या भागात माळवदाची घरे होती; गावाच्या जुन्या गल्ल्यांतून काही अजून उभी आहेत. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचांची दाटी, तीवर पाला किंवा चिपाडे, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीदर, कलबुर्गी ह्या सलग पट्ट्यात राज्य बदलले, भाषा बदलली, तरी छप्पर हेच. त्याचे मर्म पुष्कळांस वाटते तसे मातीच्या ‘थंडपणात’ नाही. माती मुळात थंडही नसते आणि गरमही नसते. ती मंद असते. दुपारी दोनचा ताप फूटभर मातीतून खाली उतरण्यास आठ-दहा तास घेतो, आणि उतरेपर्यंत त्याचा जोर पुष्कळसा ओसरलेला असतो. म्हणजे दुपारची झळ घरात पोहोचावयाची ती मध्यरात्रीच्या सुमारास.

आणि मध्यरात्री घरात असे कोण? सगळे घर तर माळवदावर निजलेले असे. ही गोष्ट जुन्या घरांचे गुणगान करणारे नेहमी विसरतात. माळवद हे नुसते छप्पर नव्हते, तो एक दिनक्रम होता : दुपारी त्याच्या खाली, रात्री त्याच्या वर. छपराने उशिरा सोडलेला ताप रिकाम्या घरात पडे, आणि त्याच वेळी माणसे आकाशाखाली वारा घेत असत. भक्तनिवासातल्या यात्रेकरूस ही सोय नाही. त्याला एक किल्ली मिळते आणि एक खोली. दुपारही तीत काढावयाची, रात्रही तीतच. तेव्हा नुसते मातीकडे परत चला म्हणून भागत नाही.

भागत नाही ह्याला दुसरे आणि फार गंभीर कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी गाणगापुरापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे. माती तीच, गवंड्याची रीत तीच. हजारो माणसे मेली, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्या घराखाली मेली. आतबाहेर दोन पदरांची भिंत, मध्ये दगडगोट्यांची भर, दोन पदरांना बांधणारा आरपार दगड नाही, सांध्यात नुसता चिखल. अशी भिंत हादरताच दुभंगली आणि माथ्यावरच्या मातीचे ओझे निजलेल्यांवर आले. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या, ही गोष्ट अभियंत्यांनी नोंदवून ठेवली आहे; म्हणजे अपराध लाकडाचा नव्हे, भिंतीच्या बांधणीचा व वजनाचा. पण ज्याचे मूल त्या ढिगाऱ्यातून काढले त्याला असा सूक्ष्म न्यायनिवाडा कोण सांगणार? त्या भागातल्या लोकांनी दगडमातीला एकदम घटस्फोट दिला. पुष्कळांनी नव्या घरालगत पत्र्याची पडवी काढली आणि तीतच निजू लागले; तापली तरी चालेल, पडणार नाही ह्या हिशेबाने. त्या भयाची टिंगल करणारा वास्तुकलेचा भक्त आम्हांस ठाऊक आहे. त्याच्या घराला स्लॅब आहे.

येथवर प्रकरण असे उभे राहते : मातीचे छप्पर ताप अडवीत होते पण जीव घेऊ शकत होते, स्लॅब जीव वाचविते पण झोप घेते. तर मग दोहोंतून एक निवडावे काय? आमचे म्हणणे असे की ही निवडच खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचा पुरावा अगदी साध्या आकड्यांत आहे. वकिलाने आकडे मांडले की श्रोते घड्याळ पाहू लागतात, हे आम्ही जाणतो. पण हे आकडे चारच आहेत.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तीत छताविषयी एक मर्यादा घातलेली आहे : आतबाहेर एका अंशाचा फरक असता छताच्या एका चौरस मीटरातून १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता पाझरता कामा नये. आता नुसती बारा सेंटिमीटरांची सिमेंटची स्लॅब घेतली तर हा आकडा साडेतीनच्या आसपास येतो. म्हणजे कायद्याने मागितलेल्याच्या जवळजवळ तिप्पट ताप ती आत सोडते. तो १.२ वर आणावयाचा तर त्या स्लॅबवर ठोकलेल्या मातीचा किती थर द्यावा लागेल? सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर, म्हणजे अकरा इंच. हा हिशेब प्रथम मांडला तेव्हा आम्ही लेखणी खाली ठेवली. दिल्लीत बसून २०१८ साली ठरविलेली मर्यादा अफझलपूर तालुक्यातला निरक्षर गवंडी पिढ्यानपिढ्या फूटभर माती टाकून पाळीत आला होता. लाकडाच्या किलचांचा रोध जमेस धरला तर थोडी अधिकच चोख पाळीत होता.

पण त्या अकरा इंच मातीचे वजन दर चौरस मीटरास साडेचारशे किलोच्या घरात जाते. स्लॅबचे स्वतःचे वजन तीनशे. तिच्यावर तिच्या दीडपट ओझे चढविणे म्हणजे किल्लारीचा धडा उलट बाजूने वाचणे होय. आता तेवढाच रोध थर्मोकोलच्या दाट तक्त्याने मिळवावयाचा तर जाडी लागते दोन सेंटिमीटर, पाऊण इंच. आणि वजन होते चौरस मीटरास जेमतेम अर्धा किलो. साडेचारशे किलो आणि अर्धा किलो! जे काम आजोबांनी वजनाने केले ते आज वजनावाचून होते, कारण ताप अडविण्याचे खरे काम मातीतही आणि थर्मोकोलमध्येही एकच वस्तू करते, ती म्हणजे जागच्या जागी कोंडलेली हवा. मातीच्या कणांत ती थोडी असते. थर्मोकोलमध्ये बहुतेक तीच असते. पाऊण इंचाऐवजी दोन इंचांचा थर दिला तर आकडा १.२ वरून ०.६ वर येतो.

हा थर कोठे द्यावा ह्याविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण येथे शोभेच्या हौसेने मोठा घोटाळा केला आहे. तो स्लॅबच्या वर द्यावयाचा, आणि त्याच्यावर कोबा करावयाचा. म्हणजे स्लॅब स्वतःच उन्हाआड जाते, दिवसा फुगणे व रात्री आकसणे कमी होते, आणि त्या ओढाताणीतून पडणाऱ्या भेगा व गळतीही कमी होते. आमच्याकडे मात्र खोलीच्या आतून नक्षीदार कृत्रिम छत करून घेण्याची टूम आहे. त्याने थोडा फरक पडतो, नाही असे नाही. पण वरची स्लॅब तापावयाची ती तापतेच. आणि आतल्या बाजूस उघडे थर्मोकोल चिकटविणे हा तर केवळ अविचार. ते झटकन पेटते, त्याचा धूर विषारी. आणि यात्रेकरूच्या खोलीत निरांजन, कापूर व उदबत्ती असणारच हे कोणी सांगावयास नको.

ज्यांस थर्मोकोलचे नाव रुचत नाही त्यांच्यासाठी जुने उपायही आहेत. स्लॅबवर उपडी मडकी मांडून मधल्या जागेत चुना-विटांचा भुगा भरणे ही रीत दक्षिणेत आणि गुजरातेत चांगली परिचित आहे. मडक्यातली हवा तेच काम करते. ज्या कलबुर्गी जिल्ह्यातून शहाबादची फरशी देशभर गेली आणि वाडीच्या कारखान्यातून सिमेंटची पोती गेली, त्याच जिल्ह्यातले लोक सिमेंटखाली भाजत बसावे ही गंमत करुण आहे. ह्या फरशीची जमीन पायांस गार लागते म्हणून आम्ही तिचे कौतुक करतो. पण ऊन पायांकडून येत नाही.

हे सर्व न करता आज काय केले जाते? दाता पुढे येतो आणि वातानुकूलन यंत्र देतो. यंत्राला पाटी लावता येते. त्याचा शीतल वारा तत्काळ अंगावर येतो, आणि दाता स्वतः एक रात्र राहून गेला तर समाधान पावतो. आता त्या यंत्राचे काम पाहा. मेमधल्या दुपारी स्लॅबचा वरचा पृष्ठभाग साठ अंशांवर सहज जातो. खाली तीस अंश राखावयाचे म्हटले तर बारा चौरस मीटरांच्या खोलीत केवळ छतातून सुमारे दीड किलोवॅट ताप सतत उतरतो. हा स्थूल हिशेब आहे, पण दिशा चुकीची नाही. एक टनाच्या यंत्राची एकूण ताकद साडेतीन किलोवॅट ताप उपसण्याची. म्हणजे दात्याने दिलेल्या यंत्रातला शेकडा चाळीस हिस्सा खोलीतल्या माणसासाठी नाहीच. तो छतासाठी आहे. दोन इंचांचा थर असता तोच ताप सव्वादोनशे वॅटवर येतो. यंत्र एकदा दान होते. विजेचे बिल मात्र संस्थेला दरमहा येते, आणि ते भागविण्यासाठी खोलीचे भाडे वाढते. शेवटी ज्याला भाडे परवडत नाही तो यात्रेकरू वरच्या मजल्यावरच्या यंत्र नसलेल्या खोलीत जातो, म्हणजे ठीक त्याच छताखाली. ह्या देवघेवीत दान कोणी कोणास केले?

कायद्याकडून काही आशा आहे काय, असे आम्हांस मित्र विचारतात. थोडी आहे. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ सालचा; २०२२ साली त्यात दुरुस्ती होऊन निवासी व कार्यालयीन इमारतीही संहितेच्या कक्षेत आणण्याचा मार्ग मोकळा झाला. पण ‘इमारत’ ह्या शब्दाची व्याख्या वाचावी : शंभर किलोवॅट जोडभार, किंवा १२० केव्हीए इतकी कराराची मागणी. राज्यांस ही मर्यादा खाली आणता येते. निवासी संहितेचा पल्ला पाचशे चौरस मीटरांच्या भूखंडापासून पुढे. तीर्थक्षेत्राच्या गल्लीतले पुजाऱ्याचे चार खोल्यांचे घर, किंवा लहान संस्थेचे वीस खोल्यांचे निवास, ह्या चाळणीतून सहज खाली गळते. उलट, १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली यावीत असा नियम आहे. शासनाचा हात यंत्राच्या कळीपर्यंत पोहोचला, छपरापर्यंत पोहोचला नाही. फार पूर्वीच्या, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षे निर्वेध उपभोगलेल्या प्रकाशाचा व वाऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे. शेजाऱ्याने तो अडविला तर दावा चालतो. सावलीचा हक्क मात्र त्या थंड देशातून आलेल्या कायद्याला सुचला नाही. मोठे वडाचे झाड तोडून वर स्लॅब घातली तर खाली तापणाऱ्यास फिर्याद नाही.

ह्यावरून दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, तो फटींचा. पाश्चात्त्य देशांतून सध्या असा उपदेश येतो की घर हवाबंद करा. एकेक फट शोधून बुजवा. उपदेश खरा आहे, पण त्याची जन्मभूमी लक्षात ठेवली पाहिजे. जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ साली लोक राहावयास आले ती चार घरांची ओळ ह्या विचाराचे आदर्श उदाहरण मानली जाते. तेथे सहा-सहा महिने बाहेर हिवाळा आणि आत ऊब. फटीतून निसटणारी प्रत्येक झुळूक म्हणजे जळालेले इंधन. म्हणून ती घरे अत्यंत घट्ट बांधली, आणि कोंडलेल्या माणसांसाठी ताजी हवा आत घेण्याची निराळी यांत्रिक वाटही त्याच वेळी केली. आमचे लोक ह्यातले पहिले अर्धे उचलतात आणि दुसरे सोडून देतात.

गाणगापुरात मेमधली दुपार चाळीसच्या वर, तर पहाट सव्वीस-अठ्ठावीसवर येते. म्हणजे जी हवा दुपारी शत्रू असते तीच रात्री मित्र असते. अशा मुलखात घर सदा बंद ठेवणे जितके चूक तितकेच सदा उघडे ठेवणेही चूक. येथे पाहिजे ती वेळेवर घट्ट मिटणारी आणि वेळेवर सताड उघडणारी खिडकी. जुन्या घरातली जाड लाकडी दोन झडपांची खिडकी ही दोन्ही कामे करीत असे. आजची सरकती काच दोन्ही बिघडविते. तिच्या दोन तावदानांपैकी एकच उघडते, म्हणून रात्री वाऱ्याला निम्मीच वाट. आणि मिटली तरी रुळाच्या खाचांतून दुपारची झळ व धूळ आत येतच राहते, शिवाय काचेतून ऊन येते ते वेगळेच. दिसावयास ती सुबक असते, आणि झाडलोट करणाऱ्यास सोपी. एवढ्या भांडवलावर तिने सगळा मुलूख जिंकला.

दाराखालच्या फटीचेही तसेच. तीन फुटी दाराखाली एक सेंटिमीटर जागा राहिली की भिंतीला तळहाताएवढे भोक पाडल्यासारखे होते; अशा खोलीत यंत्र लावणे म्हणजे फुटक्या घागरीने पाणी भरणे. दाराच्या तळाशी रबराची पट्टी, चौकटीभोवती कापडी गोट, हे काम सुताराच्या अर्ध्या दिवसाचे. पण जेथे यंत्र नसून कूलर आहे, किंवा पूर्वीप्रमाणे वाळ्याचा पडदा भिजवून लावलेला आहे, तेथे एक खिडकी मुद्दाम उघडी राहिली पाहिजे, नाहीतर आत दमट कोंदट हवा साचते आणि उपाय अपायाहून जड होतो. आणि जेथे न्हाणीघरात गॅसवर चालणारा बंब आहे तेथे फट बुजविण्याचे नावही काढू नये. बंद न्हाणीघरात अशा बंबाच्या विषारी वायूने न्हाता न्हाता माणसे गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. त्या वायूला रंग नसतो, वासही नसतो.

गोमंतकातल्या कुळाव्यांनी मात्र हे सर्व जसेच्या तसे आपल्या देवळाच्या अग्रशाळेस लावू नये. तेथे रात्र थंड होत नाही, हवा पाण्याने जड असते, आणि ऊन सोसवते तरी घाम वाळत नाही. तेथील उतरत्या छपरावरची कौले तापतात, पण कौलांच्या फटींतून ताप वरच्या वर निघून जातो. फट हा तेथे दोष नसून गुण आहे. मंगळुरात बाझेल मिशनने १८६५ साली काढलेल्या कौलांच्या कारखान्याने सगळ्या किनाऱ्याला जे छप्पर दिले ते त्या हवेला मानवले म्हणूनच टिकले. ते काढून तेथेही आता सपाट स्लॅब पडते आहे, आणि मग पावसात गळते म्हणून तिच्यावर पुन्हा पत्र्याचे उतरते छप्पर चढते! त्या पत्र्याने स्लॅबला सावली मिळते हा अनपेक्षित लाभ खरा. पण एकदा काढलेले कौल दोन वेळा पैसे देऊन पत्र्याच्या रूपाने परत आणण्याचा हा व्यवहार कोणत्या विश्वस्ताने आपल्या घरी केला असता?

गाणगापुरापुरते बोलावयाचे तर ज्या संस्थेपाशी नवी इमारत बांधण्याचे पैसे आहेत तिने स्लॅबवरचा थर अंदाजपत्रकात प्रथमपासून धरावा. बांधून झाल्यावर तो द्यावयाचा म्हणजे कोबा फोडणे आले. पश्चिमेच्या खिडक्यांवर दोन फुटी छज्जा असावा, आणि झडपा सरकत्या नसून उघडत्या असाव्यात. ज्यांची इमारत उभीच आहे आणि पैसे नाहीत त्यांनी निदान चुना करावा. उघडे जुने सिमेंट आपल्यावर पडलेल्या उन्हातला निम्म्याहून बराच अधिक भाग पिऊन टाकते. ताजी पांढरी सफेदी त्यातला सुमारे तीन चतुर्थांश परत आकाशात धाडते. अहमदाबादेने २०१७ साली गरीब वस्त्यांच्या छपरांवर हा प्रयोग केला, आणि कलबुर्गीला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ साली शीतल छपरांचे धोरणच जाहीर केले. धूळ बसली, पावसाने धुतले, की गुण उतरतो. म्हणून हे काम दरवर्षीचे. माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती चोपण्याची रीत होतीच, तिच्या जागी हे.

त्याला मुहूर्तही आयता आहे. माघ वद्य प्रतिपदेला, गुरुप्रतिपदेच्या उत्सवाला, गाणगापुरात अपार गर्दी लोटते. ती ओसरली की खोल्या रिकाम्या पडतात आणि चैत्राचे ऊन अजून महिनाभर दूर असते. त्या आठवड्यात गच्ची झाडून, धुऊन, चुना आणि डिंक कालवून दोन हात द्यावेत. गच्चीवरच्या काळ्या टाकीवरही जमल्यास पांढरा रंग मारावा. दुपारी दोन वाजता संगमावरून परतलेल्या माणसाने हातपाय धुण्यास नळ सोडला की अंगावर कढत पाणी पडते, ते तिच्यातूनच.